बसा, बाई खरंच निवडतायत

संग्रहालयात शिरलं की माणसं आपोआप हात मागे बांधतात. शाळेच्या सहलीत एकदा ‘हात लावू नका’ ऐकलेलं असतं, ते जन्मभर पुरतं. माझं काम नेमकं त्या हातांशी आहे. गेली बरीच वर्षं मी संग्रहालयांच्या दालनांत बसून घरातली कामं करते. धान्य निवडते, चादरींच्या घड्या घालते, उसवलेलं शिवते, आणि आलेल्या माणसांनी माझ्याबरोबर ती करावीत म्हणून खटपट करते. सासूबाई याला ‘तिचं ते निवडणं-टिपणं’ म्हणतात. संग्रहालयाच्या भिंतीवर माझ्या कामाबद्दल जो मजकूर लावतात, त्यापेक्षा मला त्यांचं वर्णन जास्त पटतं.

शिकले मी चित्रकला. ती बरी जमायची, पण पोर झाल्यावर सलग दोन तास मिळेनासे झाले. त्याच काळात एका पुस्तकात एक छायाचित्र पाहिलं. एक बाई गुडघ्यांवर बसून संग्रहालयाच्या पायऱ्या धुते आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डचं वॉड्सवर्थ अथेनियम, साल १९७३, आणि बाईंचं नाव मियर्ल लॅडरमन युकलिस. त्यांनाही मूल झालं होतं, कलाकार म्हणून जगावं की आई म्हणून, ही ओढाताण त्यांच्याही वाट्याला आली होती. १९६९ साली त्यांनी एक जाहीरनामा लिहिला आणि झाडणं, पुसणं, लंगोट बदलणं हे सगळं आपण आता कला म्हणून करणार, असं सांगून टाकलं. मला तो युक्तिवाद फारच सोयीचा वाटला. पटला तो पुढे, हळूहळू.

दुसरं कारण पुण्याचं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी लहानपणापासून जात होते, पण मोठेपणी एकदा अडकित्त्यांच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिले. दिनकर केळकरांनी दिवे, वज्र्या, पानाचे डबे, करंडे, शेवयांचे साचे असं घराघरांतून जमवलं, अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सगळा राज्य सरकारच्या हवाली केला. अडकित्त्यांचे इतके आकार पाहून मला सुपारीची आठवण झाली नाही. हा कुठल्या हातात बसत असेल, तो डावखुऱ्या माणसाचा असेल का, हेच मनात येत राहिलं. वस्तू जपली जाते, ती चालवायची कशी हे जपायला कपाट नसतं.

तेव्हा मी जे करायला लागले ते साधं होतं. दालनात चटई, परातीत तूरडाळ, सूप, दोन ताटं. शेजारी फलक: आपणही सहभागी होऊ शकता. फलकाचा उपयोग शून्य झाला. लोक तो नीट वाचायचे, मान डोलवायचे आणि मी काचेमागे असल्यासारखे साताठ फुटांवर उभे राहायचे. काही जण तर माझ्यासमोर आवाज खाली आणून बोलायचे. एकाने बरोबरच्या मुलाला सांगितलं, ‘पूर्वी बायका असं करायच्या.’ मी तेव्हा पस्तिशीची होते आणि आमच्या घरी त्याच आठवड्यात तांदूळ निवडून झाले होते!

बांध फुटला तो एका बाईंमुळे. त्या लांबून बराच वेळ बघत होत्या आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. शेवटी पर्स सुनेकडे देऊन आल्या. ‘अहो, असं नाही धरत सूप. द्या इकडे. मनगट सैल सोडा.’ बसल्याच त्या. मला पाखडायला खरोखर येत नव्हतं. आमच्या पिढीला डाळ पिशवीतून निवडूनच मिळते, सूप भिंतीवर शोभेला. बाईंनी दोनदा घोळून खडे एका कडेला आणून दाखवले, मग सुनेलाही बसवलं. सूनबाई फोन चाळत होत्या, पण डाळीत बोटं गेल्यावर फोन बाजूला पडला. मग एक आजोबा आले, त्यांना निवडता येत नव्हतं पण गणंग ओळखता येत होते. बघता बघता घोळका झाला, आणि गप्पा कशावर, तर अमुक वाण्याकडची डाळ पॉलिशची असते यावर.

बोलावून जे येत नाहीत, ते चुकतंय म्हटल्यावर येतात. हे मला पुढची दोन-तीन वर्षं पुरलं. आणि मग अडचण अशी झाली की मला पाखडता यायला लागलं. रोज करून हात बसला. सूप लयीत चालायचं, फोल उडायचं, डाळ परत सुपात. लोक थांबून बघायचे, व्हिडिओ काढायचे, वा म्हणायचे. बसेना कुणी. ज्या कामाला माझी गरज उरली नव्हती त्याला त्यांची तरी कशी उरणार? क्युरेटरना ते काम तेव्हा सर्वांत देखणं वाटलं, छापून आलेले फोटोही त्याच काळातले आहेत. मला ते फोटो आवडत नाहीत. मी ते काम थांबवलं आणि ठरवलं की एकट्याने होणारच नाही असं काही शोधायचं.

चादरीची घडी. डबलबेडची चादर एकट्याने धड घडी होत नाही, हे ज्याने केलंय त्याला ठाऊक आहे. एका वसतिगृहाशी बोलून त्यांच्या धुऊन आलेल्या चादरी सकाळी संग्रहालयात आणायच्या आणि संध्याकाळी घड्या करून परत पाठवायच्या, असं ठरवलं. मी चादरीची दोन टोकं धरून उभी राहायची आणि समोर येणाऱ्याकडे नुसती बघायची. समोर लोंबणारी दोन टोकं बघून पुढे न होणारी माणसं फार थोडी. मग ताणायचं, मधे दुमडायचं, आणि टोकं जुळवायला दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं. अनोळखी माणसाच्या हातात कोपरे देताना बोटांना बोटं लागतात. त्या क्षणाला लोक हसतात, किंवा एकदम गंभीर होतात. काही बायका परपुरुष समोर आला की टोक लांबूनच टाकायच्या, काही पुरुषही. ते मी कधी सुधारायला गेले नाही. चादर मधे असते, अंतर किती ठेवायचं ते त्यांनी बघावं.

एका नवरा-बायकोचं आधी लांबीत की आधी रुंदीत यावरून असं जुंपलं, की बाजूच्या दालनातले लोक आले. फौजेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी घडी अशी घातली की विटेसारख्या कडा. त्यांनी आमच्या आधीच्या सगळ्या घड्या उलगडायला लावल्या. दुपारभर थांबले. जाताना मला म्हणाले, ‘उद्या किती वाजता?’

या ‘उद्या’वर मी बराच विचार करत आले आहे. ते गृहस्थ काही कला बघायला पुन्हा येणार नव्हते. चादरी खऱ्या होत्या, रात्री त्यांवर मुलं झोपणार होती, म्हणून येणार होते. तेच काम एका ठिकाणी मी कोऱ्या, तिथल्या तिथे उलगडून पुन्हा घडी घालायच्या चादरींवर केलं होतं, कारण तिथल्या व्यवस्थापनाला वसतिगृहाची ने-आण नको होती. लोक एक घडी करायचे आणि हात झटकून निघायचे. खोटं काम लगेच ओळखू येतं, लहान मुलांना तर सर्वांत आधी. एका मुलीने विचारलंच, ‘आता हे परत कशाला सोडता?’

म्हणून डाळीचंही पुढे ठरवून टाकलं की निवडलेली डाळ शिजली पाहिजे. ती कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी वरण होतं. त्यानंतर मला समीक्षक मिळाले. ‘मॅडम, कालच्यात खडा लागला,’ असं एक सिक्युरिटीवाले दादा गालावर हात ठेवून सांगायला आले तेव्हा आमच्या चटईवर जी शांतता आणि जे कसून निवडणं सुरू झालं, तसं माझ्या कुठल्याच भाषणाने झालं नसतं. तेच दादा पुढे दारात उभे राहून पाहुण्यांना सांगायचे, ‘बसा, बाई खरंच निवडतायत.’ फलक त्या दिवसापासून काढून टाकला.

शिजवून खाण्यापर्यंत जाणारी मी काही पहिली नाही. अ‍ॅलिसन नोल्स यांनी १९६२ साली लंडनमध्ये ‘मेक अ सॅलड’ केलं, सॅलड करायचं आणि लोकांना द्यायचं, एवढंच. २००८ मध्ये टेट मॉडर्नमध्ये तेच काम प्रचंड प्रमाणात झालं. रिर्क्रित तिरावनिजा यांनी १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत थाई करी-भात रांधून फुकट वाढला, आणि पुढे मोमा या तिथल्या मोठ्या संग्रहालयाने ते काम संग्रहात घेतलं. त्या सगळ्यांच्या आधीचे अ‍ॅलन काप्रो. १९५९ साली ‘हॅपनिंग’ हा प्रकार त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रुजवला, आणि उत्तरायुष्यात ते दात घासण्याकडे लक्ष देण्यापर्यंत येऊन पोहोचले, घरच्या बेसिनशी, प्रेक्षकांशिवाय. रोजचं जगणं संग्रहालयात आणलं की ते मरतं, असा त्यांचा कल. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. घरात निवडणारी बाई कुणाला दिसते? टीव्हीसमोर बसून ती चार किलो तांदूळ निवडते आणि घरात कुणी म्हणत नाही की हिने आज काही केलं. संग्रहालय माणसाला थांबून बघायला लावतं, ती त्याची जुनी सवय आहे. मी ती सवय उसनी घेते, इतकंच.

पण धान्य दालनात न्यायचं म्हणजे संग्रहालयातल्या सर्वांत कडक माणसाशी गाठ पडते. तो म्हणजे कॉन्झर्व्हेटर. क्युरेटर उत्साहाने हो म्हणतो, कॉन्झर्व्हेटर किडे मोजतो. त्यांचं बरोबरच असतं. डाळ-तांदळात सोंडकिडे असतात. मसाल्याला लागणारे काही किडे पुस्तकांच्या बांधणीलाही लागतात. शिवाय पाखडलं की धूळ उडते, आणि शेजारच्या कपाटात पैठणी असते. मी सुरुवातीला याला नोकरशाही समजत होते. मग एका कॉन्झर्व्हेटर बाईंनी मला अळीने खाल्लेल्या जुन्या शालीचा तुकडा भिंगाखाली दाखवला आणि माझं तोंड बंद झालं. त्यांनीच उपाय काढला. लोकरीच्या-रेशमाच्या वस्तूंमधली कीड मारायला त्या उणे वीस अंशांत आठवडाभर गोठवतात, तेच डाळीला करायचं. संग्रहालयाचा फ्रीझर अर्थातच डाळीसाठी मिळणार नव्हता. मग एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये आमचं पोतं जाऊन बसलं. पाखडणं पूर्ण बंद झालं, आता फक्त घोळणं आणि निवडणं. एका अर्थाने बरं झालं, सुपाचा दिमाख गेला.

शिवणाचं काम वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलं. तैवानचे ली मिंगवे २००९ पासून ‘द मेंडिंग प्रोजेक्ट’ करतात. पाहुण्यांनी फाटके कपडे आणायचे, समोर बसायचं, आणि रंगीत दोऱ्यांनी शिवण मुद्दाम दिसेल असं ते सांधून घ्यायचे. दोऱ्याचं टोक भिंतीवरच्या रिळाला तसंच जोडलेलं राहतं. ११ सप्टेंबर २००१ ला त्यांचा जोडीदार न्यूयॉर्कच्या त्या मनोऱ्यांतून वाचला, त्या रात्री ते घरातले कपडे शिवत बसले, तिथून ते काम निघालं. मला त्यातली कोवळीक फार आवडायची. मी आपल्याकडे तशी बैठक मांडली, पाहुण्याने स्वतः सुई धरायची एवढा फरक केला. लोक आठवणींचे कपडे आणतील अशी माझी समजूत. पहिल्याच दिवशी एक बाई मोठी पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘फॉल-पिकोचे किती घेता?’ सहा साड्या होत्या. घरात लग्न होतं. पिकोचं मशीन नाही म्हटल्यावर जरा नाराज झाल्या, पण फॉल हाताने लावता येतो म्हणून बसल्या, आणि आम्ही दोघींनी, नंतर चौघींनी, संध्याकाळपर्यंत साडीला फॉल लावला. आठवण, दुःख, जखम वगैरे काही निघालं नाही. व्याही कसे आहेत ते निघालं. परदेशातली ती दृश्य शिवण इथे कुणाला नको होती, ‘टाका दिसला नाही पाहिजे हं,’ हाच आग्रह.

आता पुसण्याबद्दल. युकलिस बाईंचं ते हार्टफर्डचं काम आपल्याकडे करा, असं मला एकाहून अधिक ठिकाणी सुचवलं गेलं. दालनाची फरशी मी धुवायची, पाहुण्यांनी हातभार लावायचा. मला ते कधी करवलं नाही. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात आहे हे पाहून माणसाची जात ठरवली जाते, अजूनही. माझ्या हातात झाडू दिला की ती कला आणि टाळ्या, आणि ज्यांच्या कित्येक पिढ्यांच्या हातात तो लादला त्यांच्या वाट्याला ठेकेदाराची हजेरी. तरी एका ठिकाणी आग्रह फार झाला तेव्हा मी तिथल्या हाऊसकीपिंगच्या मावशींना विचारलं. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. ‘तुम्ही पुसणार, लोक पुसणार, म्हणजे राडा होणार. मग आम्हाला परत पुसायला लागणार. पैसे एकदाचेच.’ प्रस्ताव तिथेच संपला.

पैशाचं मात्र डोक्यात राहिलं. युकलिस यांच्याच हार्टफर्डमधल्या एका कामात एक काचेची पेटी होती, ममीची. ती रोज सफाई कर्मचारी पुसायचा. युकलिस यांनी ती पुसली आणि ‘देखभालीची कलाकृती’ असा शिक्का मारला. झालं, आता ती कलावस्तू ठरली, म्हणजे तिला हात लावायचा अधिकार फक्त कॉन्झर्व्हेटरला. पेटी तीच, धूळ तीच, कृती तीच. मला त्यांच्या पायऱ्या धुण्यापेक्षा हे काम जास्त तिखट वाटतं. पुढे १९७९-८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले, तेही थोर आहे. पण आभारांनी व्हाउचर निघत नाही.

म्हणून हल्ली माझ्या अटींमध्ये एक ओळ असते: सिक्युरिटी, हाऊसकीपिंग किंवा कॅन्टीनमधलं कुणी आमच्या चटईवर बसलं तर त्या तासांचा वेगळा भत्ता. पहिल्यांदा ही अट टाकली तेव्हा हिशेबनिसांनी मला बोलावून घेतलं. ‘कोणत्या हेडखाली टाकू? कलाकार मानधन की मजुरी?’ त्यांना छळायचं नव्हतं, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये खरंच दोनच रकाने होते. मानधनाचा दर मजुरीच्या कितीतरी पट होता. ज्या दादांचं ‘बसा’ नसतं तर माझ्या चटईवर कुणी बसलं नसतं, त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार? महिनाभर पत्रं गेली-आली. अखेर ‘किरकोळ खर्च’ असा तिसरा रकाना निघाला आणि रक्कम मधलीच कुठलीतरी ठरली. काही संग्रहालयं या अटीवर थांबतात, पुढे बोलत नाहीत. कामं त्यामुळे कमी झाली आहेत हे खरं. मंगळागौरीचे खेळ, नऊवारी नेसून, दहा बायका घेऊन करा म्हटलं तर उद्या तारीख मिळेल. मंगळागौर मला मनापासून आवडते, पण ती बघायला बोलावतात, खेळायला नाही.

कंटाळवाणे दिवसही पुष्कळ असतात. पावसाळ्यातल्या मंगळवारी कुणी फिरकत नाही. शाळेच्या सहली एका दालनाला चार मिनिटं देतात, बाई मागून ‘पुढे चला, पुढे चला’ करतात. अशा वेळी मी निवडत राहते, कारण उद्याचं वरण तसंही व्हायचंच असतं.

सध्या घोडं लोणच्यावर अडलंय. दालनात कैरीचं लोणचं घालायचं, येणाऱ्याने फोडी करायच्या, मीठ-मसाला कालवायचा, बरण्या तिथेच मुरू द्यायच्या आणि पाहुण्यांनी महिन्यानंतर येऊन चाखायचं. कॉन्झर्व्हेटर म्हणतात, कैरीचा आंबट रस संगमरवरावर पडला तर डाग कायमचा, हळदीचा तर विचारूच नका. बंद बरण्या चालतील, फोडी व्हरांड्यात करा. मी म्हणते, व्हरांड्यात केलं की त्याचा खाद्यमहोत्सव होतो, लोक बशी हातात घेऊन पुढे सरकतात. त्यांनी आता ताडपत्रीचा आणि दोन इंच काठाच्या स्टीलच्या ट्रेचा पर्याय पाठवलाय, तो वाईट नाही. कैऱ्या बाजारात असेपर्यंत सही झाली तर झाली, नाहीतर पुढल्या उन्हाळ्यात. मिठाच्या प्रमाणावरून मात्र आत्तापासूनच कॅन्टीनमध्ये दोन तट पडलेत आणि हिशेबनीस कमी मिठाच्या बाजूला आहेत.